हाइड पडद्यावर येतो तेव्हा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉ. जेकिल आणि मि. हाइडची कथा जानेवारी १८८६ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपात आली. किंमत एक शिलिंग, प्रकरणं दहा. मुळात ही रहस्यकथा आहे, हे आज जवळजवळ विसरलं गेलं आहे. पहिली आठ प्रकरणं आपण अटरसन या वकिलाच्या मागे फिरत असतो. त्याच्या मित्राने, डॉ. जेकिलने, मृत्युपत्रात सगळी मालमत्ता एडवर्ड हाइड नावाच्या कुणा अपरिचिताला लिहून दिली आहे. हा हाइड रस्त्यात एका लहान मुलीला तुडवून जातो, पुढे एका वृद्ध खासदाराला काठीने ठार मारतो, आणि तरी जेकिल त्याला पाठीशी घालतो. अटरसनला वाटतं, तरुणपणच्या एखाद्या भानगडीवरून हाइड जेकिलकडून पैसे उकळतोय. वाचकालाही तसंच वाटावं अशी लेखकाची योजना आहे. दोघं एकच आहेत हे कळतं ते नवव्या प्रकरणात, जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅनियन याच्या पत्रातून. का आणि कसं, ते दहाव्यात, जेकिलच्या कबुलीतून.

ज्याला हे आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी कथेचा मोठा भाग रिकामा होतो, आणि आज ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून या कथेवर चित्रपट काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो: रहस्याच्या जागी काय ठेवायचं? शंभराहून जास्त वर्षांत बहुतेकांनी तिथे रूपांतराचं दृश्य ठेवलं. पुस्तकात ते लॅनियनच्या पत्रात जेमतेम एका परिच्छेदात उरकतं. पडद्यावर तेच कथेचा कणा झालं. त्यामुळे हे चित्रपट शेजारी ठेवून पाहताना मी प्रत्येकाला एकच विचारते: रूपांतर दाखवण्यासाठी तुम्ही काय दिलंत, आणि त्यात काय गमावलंत?

गमावण्याची सुरुवात सिनेमाच्या आधी, रंगभूमीवर झाली. मे १८८७ मध्ये बोस्टनला थॉमस रसेल सलिव्हनने लिहिलेलं नाटक आलं, दोन्ही भूमिकांत रिचर्ड मॅन्सफील्ड. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, शरीर आखडून, आवाज बदलून, प्रकाशयोजनेच्या मदतीने तो हाइड होत असे. ऑगस्ट १८८८ मध्ये हे नाटक लंडनच्या लायसियम थिएटरात गेलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या व्हाइटचॅपल भागात जॅक द रिपरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्या सुरू झाल्या. मॅन्सफील्डवरच संशय घेणारं एक पत्र पोलिसांकडे गेलं होतं, इतका तो हाइड लोकांना खरा वाटला.

सलिव्हनने केलेला एक बदल मात्र पुढच्या बहुतेक पटकथांत झिरपला. कादंबरीत जेकिलच्या आयुष्यात स्त्रीच नाही. खून पाहणारी मोलकरीण, तुडवली गेलेली मुलगी, हाइडची घरमालकीण, रडणाऱ्या नोकराण्या, बस. सलिव्हनने जेकिलला वाग्दत्त वधू दिली आणि ती केली सर डॅनव्हर्स कॅर्यूची मुलगी, म्हणजे हाइड ज्याला मारतो त्याच म्हाताऱ्याची. नाटकाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, पात्रं एकमेकांत बांधली जातात. पण पुस्तकातला तो खून अंगावर येतो तो निष्कारण असल्यामुळे. म्हातारा बहुधा रस्ता विचारत असतो, नम्रपणे बोलत असतो, आणि हाइड काठी मोडेपर्यंत त्याला बडवतो. त्या म्हाताऱ्याला भावी सासरा केलं की खुनाला कारण मिळतं, आणि कारण मिळालं की हाइड समजण्यासारखा माणूस होतो. स्टीव्हन्सनने तो तसा होऊ दिला नव्हता.

१९२० चा पॅरामाउंटचा मूकपट, दिग्दर्शक जॉन एस. रॉबर्टसन, नायक जॉन बॅरीमोर. इथे वाग्दत्त वधूच्या जोडीला दुसरी बाई आली: नाचगाण्याच्या अड्ड्यावरची जीना. एक सोज्वळ, एक बदनाम, ही जोडी इथून रुजली आणि पुढच्या दोन्ही मोठ्या हॉलिवूडपटांनी ती उचलली. सासरा तर इथे ऑस्कर वाइल्डच्या डोरियन ग्रेच्या कथेतल्या लॉर्ड हेन्रीसारखा जेकिलला मोहात ढकलणारा माणूस आहे, म्हणजे पापाचं बीजही बाहेरून येतं.

बॅरीमोरचं पहिलं रूपांतर मात्र आजही पाहण्यासारखं आहे. औषध पिऊन तो झटके देतो, केस पुढे येतात, जबडा पुढे काढतो, डोळे ताणतो, आणि काही क्षण रंगभूषेशिवाय, केवळ स्नायूंच्या जोरावर दुसरा माणूस समोर उभा राहतो. मग कॅमेरा हातावर जातो आणि डिझॉल्व्हमधून, म्हणजे एक चित्र विरत असतानाच दुसरं उमटत जाऊन, बोटं लांब व हाडकुळी होतात. पुन्हा चेहरा दिसतो तेव्हा रंगभूषा चढलेली असते. हा क्रम शिकण्यासारखा आहे: नटाने विश्वास कमवायचा, हाताच्या क्लोजअपने वेळ काढायचा, आणि मग पूर्ण मुखवटा. पुढे एका परतीच्या रूपांतरात जोराच्या झटक्याने एक नकली बोट उडून जाताना दिसतं. बोटांवर चढवलेल्या लांब टोप्या आणि अंग झोकून देणारा अभिनय यांचं जमत नाही. एक तर जोड पक्का हवा, नाहीतर झटका मर्यादेत हवा.

मूकपट निवडताना प्रतीकडे लक्ष द्या. अमेरिकेत हा चित्रपट स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे त्याच्या वाईट प्रती उदंड आहेत. त्या काळी कॅमेरा सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेमने चालवत. तीच फीत २४ ने चालवली की बॅरीमोरचे झटके हास्यास्पद होतात आणि लांबीही घटते. लांबी सुमारे ८० मिनिटं असेल तर गती बहुतेक बरोबर आहे.

आता १९३१. रूबेन मामुलियनचा, पुन्हा पॅरामाउंटचाच चित्रपट. तंत्राच्या बाबतीत याच्या पुढे कुणी गेलेलं नाही असं मी ठामपणे म्हणेन. सुरुवातीची काही मिनिटं कॅमेरा म्हणजेच जेकिल असतो. ऑर्गनवर फिरणारे हात दिसतात, बटलर पूल थेट आपल्याशी बोलतो, आपण आरशासमोर टोपी-कोट चढवतो, घोडागाडीत बसतो, व्याख्यानाच्या सभागृहात शिरतो. जेकिलचा चेहरा प्रथम दिसतो तो आरशात. खऱ्या आरशात अर्थातच कॅमेरा दिसला असता. अशा दृश्यासाठी काच काढून चौकट मोकळी ठेवतात आणि पलीकडे खोलीची उलटी प्रतिकृती करून नटाला उभं करतात. नटाने आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या हातांनी एकाच वेळी हालचाल केली नाही तर भ्रम तिथेच फुटतो. या सुरुवातीमागे हेतू आहे. पहिलं रूपांतर होतं तेव्हाही आपण त्याच जागी, त्याच माणसाच्या डोळ्यांमागे, आरशासमोर असतो. हाइडला आपण बाहेरून भेटत नाही, आपणच तो होतो. रहस्य गेलं त्याची भरपाई करायचा एवढा विचारपूर्वक प्रयत्न दुसऱ्या कुठल्या हॉलिवूडपटात दिसत नाही.

आणि ते रूपांतर! फ्रेडरिक मार्चचा चेहरा, एकही कट किंवा डिझॉल्व्ह न घेता, कॅमेऱ्यासमोर काळवंडत जातो, डोळ्यांखाली आणि गालांवर खाचा उमटतात. कॅमेरामन कार्ल स्ट्रसने हे रंगीत फिल्टरने साधलं. मामुलियनने अनेक वर्षं ही युक्ती उघड केली नव्हती. १९२५ च्या मूक 'बेन-हर'मध्ये महारोगी बरे होतात त्या प्रसंगात स्ट्रसने तीच उलट्या दिशेने वापरली होती.

तत्त्व सोपं आहे. कृष्णधवल फीत रंग ओळखत नाही, फक्त उजेड-अंधार नोंदवते. चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या काढल्या आणि भिंगापुढे लाल फिल्टर धरला तर त्वचा आणि लाल रेष दोन्ही सारख्याच उजळ येतात, रेष नाहीशी होते. तोच फिल्टर सरकवत हिरवा आणला की लाल रेष प्रकाश परतवेनाशी होते आणि काळी उमटते. हिरव्या रंगाने काढलेल्या रेषा याच्या उलट वागतात, म्हणून दोन्ही रंग एकत्र वापरले की काही छटा पुसत जातात आणि काही उगवत जातात.

करताना अडचणी येतात त्या अशा. फीत पँक्रोमॅटिक हवी, म्हणजे लाल प्रकाशही नोंदवणारी. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फीत लाल रंगाला आंधळी असते, तिच्यावर लाल रेष कुठल्याही परिस्थितीत काळीच येणार. दोन्ही फिल्टर जवळपास सारखाच प्रकाश अडवणारे हवेत, नाहीतर सरकवताना चेहऱ्यासोबत मागची भिंतही उजळते किंवा काळवंडते आणि युक्ती उघडी पडते. भिंत, पडदे आणि कपडे करड्या छटेचे ठेवावे लागतात, एखादी लाल वस्तू चौकटीत राहिली तर तीही रंग बदलते. ओठ मुळातच लाल, तेव्हा ते वेगळे सांभाळावे लागतात. शिवाय दोन फिल्टरच्या सीमारेषेवर झपकन बदल होऊ नये म्हणून भिंगाच्या अगदी जवळ, जिथे कड फोकसमध्ये येत नाही तिथे ती सरकपट्टी चालवायची. हे घरी पडताळता येतं: पांढऱ्या कागदावर लाल पेनने रेघ ओढा, फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर ठेवा आणि भिंगापुढे आधी लाल, मग हिरवा पारदर्शक कागद धरा. फोन आपोआप प्रकाश जुळवतो, ते आधी बंद करा.

मर्यादा एकच, आणि ती मोठी आहे: फिल्टर फक्त रंग बदलतो, आकार बदलत नाही. दात, नाकपुड्या, केस यांसाठी वॉली वेस्टमोरची जाड रंगभूषा लागलीच. म्हणून मामुलियन फिल्टरची मजल संपते तिथे कॅमेरा खोलीभर गरगर फिरवतो, त्या भोवऱ्यात आधी ऐकलेले आवाज आणि पाहिलेले चेहरे येऊन जातात, आणि कॅमेरा आरशाकडे परततो तेव्हा हाइड पूर्ण झालेला असतो. तिथला आवाजही ऐका. उलटी वाजवलेली घंटा, ध्वनिपट्टीवर थेट काढलेल्या खुणांचा आवाज, आणि हृदयाचे ठोके. ते ठोके जिने चढून-उतरून दमलेल्या मामुलियनच्या स्वतःच्या छातीचे, असं त्याने सांगितलं आहे. बोलपट जेमतेम चार-पाच वर्षांचा होता तेव्हाचं हे काम आहे.

मार्चला या भूमिकेसाठी अभिनयाचं ऑस्कर मिळालं, 'द चॅम्प'च्या वॉलेस बीरीसोबत विभागून. खरं तर मार्चला एक मत जास्त होतं, पण तेव्हाच्या नियमानुसार इतका कमी फरक म्हणजे बरोबरीच. त्याचा हाइड माकडासारखा आदिमानव आहे. पहिल्यांदा बाहेर पडतो तेव्हा पावसात टोपी काढून, तोंड वर करून तो पाऊस अंगावर घेतो. त्या क्षणी त्याच्यात दुष्टपणापेक्षा सुटकेचा आनंद जास्त आहे. मग जोडीतल्या बदनाम बाईला, आयव्हीला, म्हणजे मिरियम हॉपकिन्सला, तो ज्या पद्धतीने घाबरवत नेतो ते पाहताना तो आनंद कशात बदलला हे लख्ख कळतं. हॉपकिन्सचं काम मार्चच्या तोडीचं आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

कथेच्या बाजूने पाहिलं तर मात्र इथे जेकिल फार भला झाला आहे. गरिबांवर फुकट उपचार करणारा आदर्शवादी डॉक्टर, सासरा जनरल कॅर्यू लग्न लांबणीवर टाकतो म्हणून तडफडणारा. याचा अर्थ लग्न वेळेवर झालं असतं तर हाइड आलाच नसता! पुस्तकातला जेकिल पन्नाशीचा आहे, प्रतिष्ठित आहे, आणि त्याला आपली जुनी सुखं लाज न वाटता भोगायची आहेत. औषध त्याने त्यासाठी शोधलं. ही सुखं कुठली ते स्टीव्हन्सन सांगत नाही, आणि न सांगण्याने प्रत्येक वाचकाला आपापली यादी आठवते. चित्रपटाला काहीतरी दाखवावंच लागतं, आणि दाखवलं की ती यादी एका बाईच्या खोलीपुरती आकसते.

एका जागी मामुलियन पुस्तकाशी फार सुंदर खेळतो. कादंबरीत जेकिल रीजंट्स पार्कच्या बाकावर उन्हात बसलेला असताना औषधाशिवाय हाइड होतो, आणि तेही आपण इतरांपेक्षा किती भले असा विचार मनात येताच. चित्रपटात बाकावर बसलेला जेकिल पक्ष्याचं गाणं ऐकतो, एक मांजर त्या पक्ष्यावर झडप घालतं, आणि त्याचे हात बदलू लागतात. आत्मसंतुष्टतेऐवजी शिकार. अर्थ बदलला, पण पडद्यावर दिसेल असा बदलला.

दशकभराने एमजीएमने हीच कथा घ्यायची ठरवली तेव्हा त्यांनी १९३१ च्या चित्रपटाचे हक्क विकत घेतले आणि तो चलनातून काढून टाकला. कित्येक वर्षं तो पाहायलाच मिळत नव्हता. त्याआधी सेन्सॉरचे नियम १९३४ पासून कडक झाल्यावर पुनःप्रदर्शनासाठी त्याला कात्रीही लागली होती, विशेषतः आयव्हीच्या प्रसंगांना. पूर्ण चित्रपट साधारण ९७-९८ मिनिटांचा आहे. हातातली प्रत ८०-९० मिनिटांची असेल तर ती कापलेली समजा.

१९४१ चा व्हिक्टर फ्लेमिंगचा चित्रपट म्हणजे बहुतांशी त्याच पटकथेचा महागडा पुनरावतार. लांबी वाढून ११३ मिनिटं, प्रकाशयोजना देखणी, गती संथ. स्पेन्सर ट्रेसीने रंगभूषा कमी ठेवली: भुवया, डोळ्यांभोवतीच्या रेषा, विस्कटलेले केस, आणि एक कुत्सित हसू. कल्पना मला पटते, कारण पुस्तकात हाइडमध्ये नेमकं काय वाकडं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, फक्त पाहणाऱ्याला किळस येते. पण मग रूपांतराचं दृश्य ठेवायचंच कशाला? ते ठेवलंय, एकावर एक डिझॉल्व्ह करून, आणि एवढ्या सोहळ्यानंतर निघतो तो थोडासा पिंजारलेला ट्रेसी. अपेक्षा आणि फळ यांचा मेळ बसत नाही.

डिझॉल्व्हच्या पद्धतीचा दोषही इथे दिसतो. कॅमेरा पक्का बांधायचा, नटाचं डोकं आधाराने स्थिर ठेवायचं, थोडं चित्रित करायचं, थांबायचं, रंगभूषेचा पुढचा थर, पुन्हा चित्रण, आणि मग टप्पे एकमेकांत मिसळायचे. मधे तासन्‌तास जातात. डोळ्यांची जागा केसभर हलली तरी मिसळताना दोन बाहुल्या दिसतात, कॉलरची घडी बदलली तरी नजर तिकडे जाते. आणि नट या सगळ्या वेळात निश्चल असल्यामुळे अभिनयच थांबतो. फिल्टरच्या युक्तीत मार्च हलू शकत होता, गुदमरू शकत होता. फरक तिथे आहे. इन्ग्रिड बर्गमनने सोज्वळ वधूऐवजी आयव्हीची भूमिका मागून घेतली आणि लाना टर्नर वधू झाली. बर्गमनच्या भेदरलेल्या चेहऱ्यासाठी हा चित्रपट एकदा जरूर पाहावा. ट्रेसी चाबूक मारत घोडे हाकतोय आणि घोड्यांच्या जागी त्या दोघी दिसतात, ते स्वप्नदृश्य सेन्सॉरच्या नजरेतून सुटलं कसं याचं नवल वाटतं.

इथे हाइडच्या शरीराबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक चित्रपट नेमके इथेच उलट दिशेला जातात. कादंबरीतला हाइड जेकिलपेक्षा लहान आहे, ठेंगणा आणि तरुण. जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. कारणही दिलेलं आहे: जेकिलचं आयुष्य बहुतेक सदाचारात गेलं, वाईट बाजूला व्यायामच मिळाला नाही, म्हणून ती खुरटलेली आणि कमी झिजलेली. पुढे हाइड वारंवार बाहेर येऊ लागतो तसा तो वाढल्यासारखा वाटतो, जेकिल आजारी होत जातो. वजनकाटा एकीकडून दुसरीकडे झुकतो तो देहातूनच. पडद्यावर हाइड सहसा धिप्पाड किंवा केसाळ दिसतो, कारण एकच नट दोन्ही भूमिका करतो आणि माणूस वाढवणं सोपं, आखडणं कठीण. पण त्यामुळे हा हिशेबच नाहीसा होतो.

हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९६० च्या 'द टू फेसेस ऑफ डॉ. जेकिल'मध्ये टेरेन्स फिशरने निदान तरुणपणा परत आणला. पॉल मॅसीचा जेकिल दाढीवाला, रुक्ष, घुम्या, आणि हाइड गुळगुळीत, देखणा, हसरा. वधूऐवजी बायको आहे, आणि ती आधीच नवऱ्याच्या मित्रात, म्हणजे क्रिस्टोफर लीमध्ये गुंतलेली आहे. कुणीच सज्जन नसलेल्या या घरात हाइडचं आकर्षण खरं वाटतं. चिकटवलेली दाढी आणि मॅसीचा ओढूनताणून काढलेला आवाज आड येतात, नाहीतर हा चित्रपट कितीतरी वर गेला असता.

१९७१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन आले. अ‍ॅमिकसच्या 'आय, मॉन्स्टर'ने पुस्तकाचा सांगाडा बराच राखला, अटरसन आणि लॅनियन नावांसकट, पण जेकिल-हाइडला मार्लो आणि ब्लेक अशी नावं दिली. क्रिस्टोफर लीचा ब्लेक प्रत्येक वेळी आधीपेक्षा कुरूप होऊन येतो, ही वाढ पुस्तकातल्या हिशेबाच्या सगळ्यात जवळची. चित्रपटभर कॅमेरा उगाच आडवा का सरकतो असा प्रश्न पडेल. एका डोळ्यापुढे गडद काच धरली की आडव्या हालचालीत खोलीचा भास होतो, त्या पद्धतीने हा त्रिमिती करायचा बेत होता. बेत सोडून दिला, सरकणं राहून गेलं. हॅमरचा 'डॉ. जेकिल अँड सिस्टर हाइड' हाइडला बाई करतो. राल्फ बेट्स आणि अभिनेत्री मार्टिन बेस्विक या दोघांत विलक्षण साम्य आहे, आणि दोन नट घेतल्याने रंगभूषेचा प्रश्नच मिटतो. बाकी प्रेतं विकण्यासाठी खून करणारे बर्क-हेअर आणि व्हाइटचॅपलचा खुनी यांना कथेत कोंबण्याची गरज नव्हती.

मला ज्या चित्रपटाकडे यायचं होतं तो १९५९ चा, ज्याँ रन्वारचा 'डॉ. कोर्देलिएचं मृत्युपत्र'. नावातच मृत्युपत्र आहे, म्हणजे रन्वारला कथा कुठून सुरू होते ते माहीत होतं. फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी, भरपूर तालमी करून, अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवून तो केला गेला. थिएटरमालकांचा विरोध झाला आणि प्रदर्शन १९६१ पर्यंत रखडलं. स्थळ त्या काळचं पॅरिस. वकील जोली, त्याचा मानसोपचारतज्ज्ञ मित्र कोर्देलिए, आणि मृत्युपत्रातला अपरिचित ऑपाल. आपण जोलीसोबत असतो, त्याला कळेल तेवढंच आपल्याला कळतं, आणि कबुली शेवटी येते, कागदाऐवजी टेपरेकॉर्डरवर. पुस्तकाची रचना जवळजवळ जशीच्या तशी. प्रेक्षकाला उत्तर माहीत असलं तरी जोलीची आपल्या मित्रावरची निष्ठा आणि हळूहळू खचत जाणं यावर चित्रपट उभा राहतो. रहस्य फुटलेलं असूनही रचना टिकते, हे यातून सिद्ध होतं.

ज्याँ-लुई बारो हा मूकाभिनयात मुरलेला नट. त्याचा कोर्देलिए पांढऱ्या केसांचा, ताठ, मोजून पावलं टाकणारा. ऑपालचे कपडे ढगळ, खांदे सतत उडत असतात, मान हलत असते, काठी फिरवत तो जवळजवळ नाचत चालतो, आणि वाटेत कुणी दुबळं दिसलं की सहज, विशेष राग नसताना मारतो. रंगभूषा थोडीच: गडद केस, केसाळ हात, गालात भरलेलं काहीतरी. बाकी सगळं चालीत. रस्त्यावरचे काही प्रसंग जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळू न देता टिपले आहेत, त्यामुळे हा नाचरा माणूस खऱ्या शहरात सुटल्यासारखा वाटतो. इथे हाइड पुन्हा लहान आहे, पुन्हा निष्कारण आहे. आणि कोर्देलिए भला माणूस नाही, आपली वासना शास्त्राच्या आड लपवणारा ढोंगी आहे. स्टीव्हन्सनचा जेकिल एवढ्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. दोष म्हणाल तर दूरचित्रवाणीची सपाट प्रकाशयोजना आणि काही खोल्यांचे साधेसे सेट. ते सोसण्यासारखे आहेत.

१९९६ चा स्टीफन फ्रिअर्सचा 'मेरी रायली' मोलकरणीच्या नजरेतून कथा सांगतो, व्हॅलरी मार्टिनच्या १९९० च्या कादंबरीवरून. कल्पना मोलाची आहे: घरातल्यांना काय दिसतं, कुठलं दार रात्री वाजतं, कुणाच्या पलंगावरची चादर बदलावी लागते. जूलिया रॉबर्ट्स गप्प राहून छान काम करते. पण जॉन मॅल्कोविचचे दोन्ही अवतार दाढी आणि केस सोडले तर एकच दिसतात, आणि रोज समोर वावरणाऱ्या मोलकरणीला ते ओळखू येऊ नयेत हे गळी उतरत नाही. नजर मेरीची ठेवायची तर आपल्यालाही तिच्याइतकंच कमी दिसायला हवं होतं. शेवटी संगणकाच्या मदतीने रूपांतर दाखवलंच आहे, तेव्हा दिग्दर्शकाचा आपल्याच कल्पनेवरचा विश्वास संपला असं वाटतं.

औषध फसण्याचं पुस्तकातलं कारण पडद्यावर क्वचितच ठसतं, याची मला नेहमी हळहळ वाटते. औषधात लागणाऱ्या क्षाराचा जेकिलचा पहिला साठा संपतो, नवा मागवतो तो लागू पडत नाही. तो लंडनभर औषधविक्रेत्यांकडे माणसं पाठवतो, माल अशुद्ध आहे म्हणून परत करतो. शेवटी त्याच्या लक्षात येतं की अशुद्ध होता तो पहिलाच साठा, आणि त्या अज्ञात भेसळीनेच सगळं घडवलं होतं. म्हणजे प्रयोग त्याच्या हातात कधी नव्हताच. बंद दाराआडून चिठ्ठ्या सरकवणारा हाइड आणि बाहेर घाबरलेले नोकर, यावर एखाद्या दिग्दर्शकाला अख्खा उत्तरार्ध रचता येईल.

पाहायचा क्रम विचाराल तर आधी पुस्तक, दोन संध्याकाळी पुरतात. मग रन्वार, मग मामुलियन. बॅरीमोरचा मूकपट तिसरा, ट्रेसीचा मामुलियननंतर लगेच नको, मधे काही दिवस जाऊ द्या, नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो. मामुलियनचा दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या रूपांतरात मार्चच्या डोळ्यांऐवजी त्याच्या मागच्या पार्श्वभूमीवर नजर ठेवा. चेहरा काळवंडत असताना तिची छटा किती सांभाळली आहे ते पाहिलं की स्ट्रसने प्रकाश किती काटेकोर बांधला होता ते कळेल.